उठताच येत नसेल तर

मजीद सर खाली बसले, की वर्ग चूप व्हायचा.

बाकीचे प्राध्यापक रागावले की उठून उभे राहत, डस्टर आपटत, एखाद्याला वर्गाबाहेर काढत. मजीद सरांचं उलटं होतं. ते अख्खा तास उभ्यानं घ्यायचे, फळ्यापासून खिडकीपर्यंत सावकाश येरझारा घालत. मागच्या बाकावर कुणी मोबाइल काढला किंवा मुलींच्या रांगेकडे खडूचा तुकडा भिरकावला, की त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबायचं. ते खुर्ची ओढायचे, बसायचे, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवायचे आणि बाहेरच्या निंबाकडे बघत राहायचे. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मग ते उठायचे आणि राहिलेलं अर्धं वाक्य पुरं करायचे. ज्यानं खोडी केली त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. नव्यानं आलेल्या पोरांना जुनी पोरं आधीच सांगून ठेवत, "सर बसले ना, तर समजून जाय बे. लई राग आला त्याइले."

ढाणकीच्या या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. सर तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचा वर्ग आणि माझं ग्रंथालय यांच्यामध्ये एकच भिंत, तीही वरच्या बाजूला जाळीची. त्यामुळे त्यांचे तास मी इतकी वर्षं पुस्तकांना नंबर घालता घालता ऐकले. सरांना जाऊन आता काही महिने झाले. जाळीतून दुसरेच आवाज येतात. लिहायला बसलो आहे, पण त्यांचा जीवनक्रम मांडायचा माझा विचार नाही. तो मला नीटसा ठाऊकही नाही.

ठाऊक आहे ते एवढंच, की ते मूळचे राजूरचे. वडील कोळसा खाणीत होते. "आमचे अब्बा पाळीवरून तापून आले, की दारातच बसायचे," सर सांगायचे. "बूट काढायचे नाईत, पाणी मागायचे नाईत. आम्ही पोट्टे त्याइच्या बाजूनं घरात ये-जा करून राह्यलो, तरी ते आपले उंबऱ्यात. राग उतरला की मंग आत येत." खाणीत छत इतकं खाली असतं, की रागानं ताडकन उभा राहणारा माणूस डोकं फोडून घेतो, असंही ते म्हणायचे. ते खरं की त्यांनी रचलेलं, मला माहीत नाही. पण बसण्याची शिकवण खाणीच्याही आधीची होती. त्यांच्या धर्मातच ती होती. राग आला आणि तू उभा असलास तर बस. बसूनही गेला नाही तर आडवा हो. नाहीतर ऊठ आणि वजू कर, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुऊन घे.

स्वतःवर ताबा, हा त्यांचा आवडता विषय. अभ्यासक्रमात त्यावर एक लहानसं प्रकरण होतं, पण सर ते वर्षभर पुरवत. त्यांची एक विचित्र सवय होती. ते विचारवंतांची नावं घ्यायचे नाहीत. नाव सांगितलं की पोरं नाव पाठ करतात आणि माणूस विसरतात, असं त्यांचं म्हणणं. मग वर्गात एक 'आपला ग्रीक म्हातारा' असायचा, एक 'आपला बगदादचा म्हातारा', एक 'लंगडा गुलाम' आणि एक 'तो वेळेवर फिरायला जाणारा जर्मन'. जणू हे सगळे ढाणकीच्या बाजार गल्लीत राहतात आणि संध्याकाळी पानठेल्यावर भेटतात. व्हायचं तेच झालं. पोरांनी परीक्षेत तसंच लिहिलं. 'ग्रीक म्हातारा म्हणतो की, माणसाला चांगले काय हे समजूनही तो वाईटाकडे जातो.' पेपर तपासणाऱ्यानं पुरवणीवर लाल शाईनं विचारलं होतं, हा म्हातारा कोण? सरांनी ती गोष्ट मला डोळ्यांत पाणी येईतो हसत सांगितली आणि पुढच्या वर्षी नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवू लागले. तोंडानं मात्र घेतली नाहीत.

ग्रीक म्हाताऱ्याच्या मते ताबा असलेली माणसं दोन प्रकारची. एकाच्या मनात ओढ उठते आणि तो ती दाबतो. दुसऱ्याच्या मनातलं भांडणच मिटलेलं असतं, त्याला दाबावं लागत नाही. बगदादचा म्हातारा त्या ओढीला नफ्स म्हणायचा. आधी ती हुकूम सोडते, मग स्वतःलाच बोल लावते, आणि नशीब असेल तर शेवटी शांत होते. "दोघं कधी भेटले नाईत," सर म्हणायचे, "पन एकाच बांधावरून चालून राह्यले. फरक एका जागी हाय. ग्रीक म्हातारा म्हनते, तू तुह्या घराचा मालक हो. आपला बगदादचा म्हातारा म्हनते, तू भाडेकरू हायेस. घर नीट ठेव, परत द्यायचं हाय."

वर्गात बहुतेक पोरं शेतकऱ्यांची नाहीतर तांड्यावरची. त्यांच्यासाठी सरांनी नफ्सचा बैल केला होता. न शिकवलेला गोऱ्हा. तो कुणाच्याही वावरात घुसतो. समोर सविता राठोड नावाची मुलगी बसायची, जवळच्या बंजारा तांड्यावरून सायकलनं येणारी. तिला सर विचारायचे, "राठोड, तुह्या पणज्यानं बैलांवर मीठ वाह्यलं. सांग, गोऱ्हा वळणावर कसा आणत?"

"मोठ्या बैलासंग जुपून, सर."

"मारून?"

"थोडं मारून. जास्ती मारला तर बसते तो, मंग उठतच नाई."

"अन् उपाशी ठेवून?"

"उपाशी बैल कायले चालते सर? मरते तो."

"लिहा," सर वर्गाला सांगायचे. "बैल ताब्यात आणायचा आहे, मारून टाकायचा नाही. मेलेला बैल कुणाच्याच ताब्यात नसतो." लिहून देताना त्यांची भाषा आपोआप पुस्तकी व्हायची.

ही सविता प्रश्न विचारण्यात वस्ताद. रागाची शिकवण सरांनी सांगितली त्या दिवशी तिनं हात वर केला.

"सर, बसून बी गेला नाई, आडवं होऊन बी गेला नाई, तर?"

"तर उठून वजू करावा."

"अन् उठताच येत नसन तर?"

वर्ग हसला. सरही हसले. "ज्याले उठताच येत नाई त्याच्या रागाले कोन भिते? बस खाली."

पण तास संपल्यावर ते ग्रंथालयात आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मला ते पुस्तकवाले म्हणायचे. "पुस्तकवाले, ऐकलं ना तुम्ही जाळीतून? पोट्टीनं बरोबर विचारलं. मी हसण्यावारी नेलं. उत्तर नव्हतं माह्यापाशी."

सरांच्या आडवं होण्याचीही एक कथा आमच्याकडे प्रसिद्ध होती. प्राध्यापकांची बैठक होती. तत्त्वज्ञान विषय बंद करावा का, यावर बोलणं चाललं होतं. वाणिज्य शिकवणारे एक सहकारी म्हणाले, "तत्त्वज्ञान शिकून पोरं काय खातील? हवा?" काही जण हसले. बैठकीत सगळेच बसलेले, सरही बसलेलेच. आता बसण्याची पायरी तर आधीच झालेली. सर शांतपणे उठले, व्हरांड्यात गेले, तिथल्या लाकडी बाकावर आडवे झाले आणि तोंडावर रुमाल टाकला. मधली सुट्टी होती. समोरून दीडदोनशे पोरं जात होती. आत प्राचार्य एजंड्याचा कागद हातात धरून वाट बघत होते. बऱ्याच वेळानं सर परत आले, जागेवर बसले, म्हणाले, "हं, हवा खाण्यावर आपण आलो होतो." हसू इतकं फुटलं की विषय बंद करण्याचं त्या वर्षी राहूनच गेलं. पोरांत मात्र ती गोष्ट वेगळी पसरली. सर बसले तर राग, सर आडवे झाले तर भयंकर राग, तेव्हा कुणी हालायचं नाही.

रमजानात सर जास्तच शांत होत. मधली काही वर्षं रमजान भर उन्हाळ्यात येत होता. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कुत्रंही नालीतून उठत नाही. त्या उन्हात सर रोजा धरून परीक्षेची ड्यूटी करत. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. पोरांना पाणी देणारा माणूस जग घेऊन समोरून जाई, तेव्हा ते त्याला थांबवून कुठल्या बाकावर पाणी हवंय ते दाखवत. आपण त्यांच्यासमोर चहा पिऊ नये म्हणून मी कप पुस्तकाआड ठेवायचो. "प्या हो," ते म्हणत. "तुमचा चहा पाहून माहा रोजा तुटत असन, तर तो रोजा कायचा?" त्यात बढाई नव्हती, असं मला तेव्हा वाटायचं.

नंतर त्यांना साखर निघाली. गोळ्या झाल्या, मग इंजेक्शनं सुरू झाली. एकदा रमजानाच्या तोंडावर भाभी ग्रंथालयात आल्या. त्या कधीच कॉलेजात येत नसत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाईजान, तुम्ही सांगून पाहा. मेरी तो सुनतेच नहीं. उमरखेडच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, रोजे ठेवायचे नाहीत. इंजेक्शन घेऊन उपाशी राहिले तर कधी पण पडतील. किडनीलाही सूज आहे. मौलवीसाहेबांना विचारलं, ते पण म्हणतात, बीमाराला सूट आहे. हे मान हलवतात अन् पहाटे सहरीचं खायला उठून बसतात."

मी त्या दुपारीच विषय काढला. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टर बरोबर हाय," ते म्हणाले. "मौलवीसाब बी बरोबर हाय. आजाऱ्याले सूट हाय, रोज्याच्या बदल्यात एका भुकेल्याले जेवू घालावं. हे काई मले नवीन नाई."

"मग?"

"मंग काई नाई." त्यांनी चष्मा परत घातला. "लहानपणापासून एक बी सोडला नाई, पुस्तकवाले. राजूरले टायफाईड झाला होता तेव्हा बी नाई. आता कसा सोडू?"

दुसऱ्या दिवशी जाळीतून त्यांचा तास ऐकू येत होता. विषय तोच, माणसाला बरं काय ते समजतं, तरी तो उलटं का करतो? ग्रीक म्हाताऱ्यानं यावर किती डोकं खाजवलं, ते सर रंगवून सांगत होते. दारू पिणाऱ्याचं उदाहरण दिलं, तंबाखू खाणाऱ्याचं दिलं. मी नंबर घालायचा थांबलो. ते स्वतःचंच सांगत आहेत हे त्यांच्या लक्षात आलं असेल का, असं मनात आलं. आवाजावरून तसं वाटत नव्हतं.

त्या रमजानात एका दुपारी भिंतीपलीकडे अचानक शांतता झाली. ती मला ओळखीची होती. सर बसले असणार. पण ती नेहमीपेक्षा लांबली. पंख्याचा आवाज, बाहेर कापसाच्या गाडीचा हॉर्न, पुन्हा पंखा. मग ग्रंथालयाच्या दारात सविता आली. धावत आली नव्हती. वर्गातून कशीबशी निसटल्यासारखी, चोरपावलांनी आली होती.

"सर, तुमी चला ना. मजीद सर बसले अन् मंग टेबलावर डोकं ठेवून देलं त्याइनं. सगळे म्हनून राह्यले, लई राग आला, कोनी हालू नोका. पन सर, त्याइच्या मानंवर घाम येऊन राह्यला. माह्या बापूले असंच झालतं, साखर उतरली तवा."

मी गेलो. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पन्नासेक पोरं हाताची घडी घालून, ताठ, श्वास रोखून बसलेली. कुणी काय गुन्हा केला ते कुणालाच माहीत नव्हतं. जो तो शेजाऱ्यावर संशय घेत होता. आणि समोर टेबलावर डोकं टेकून सर हळूहळू बुडत होते. त्यांच्या रागाचा इतका मान ठेवलेला होता की मदतीला कुणी उठत नव्हतं.

सविता माझ्या चहाच्या सामानातून साखरेचा डबा घेऊन आली होती. मी सरांचं डोकं उचललं. डोळे अर्धे उघडे होते. मी चिमूटभर साखर ओठांशी नेली, तर त्यांनी दात आवळले.

"सर, तोंड उघडा."

"रोजा," ते दातांतून म्हणाले. शब्द जड येत होते, जबडा मात्र दगडासारखा. शरीरातलं सगळं गळून गेलं होतं आणि उरलेली ताकद त्या दातांत गोळा झाली होती. मी प्राध्यापकांना हाक मारली, कुणी डॉक्टरकडे पळालं, कुणी पाय चोळू लागलं. मी विनवत होतो. दात सुटत नव्हते.

सविता खाली टेकली, त्यांच्या कानाशी. आवाज चढवून म्हणाली, "सर, बैल मरून राह्यला."

त्यांचे डोळे हलले.

"तुमीच लिहून देलं ना, मारून नाई टाकायचा म्हनून? मंग? उघडा तोंड."

कोणी मास्तरीण दम देते तसं ते होतं. सरांचे दात सुटले. मी साखर गालात सरकवली, थोड्या वेळानं दाट साखरेचं पाणी पाजलं. डॉक्टर मोटारसायकलवर आले तोवर सरांना माणसं ओळखू येत होती. त्यांनी पहिल्यांदा वर्गाकडे पाहिलं. सगळी पोरं अजून हाताची घडी घालूनच होती.

"हे काहून असे बसले?" त्यांनी विचारलं.

शेवटी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, आमाले वाटलं तुमी रागावले."



नंतर घरी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून होते. भाभी चहा ठेवून आत गेल्या. सर म्हणाले, "पुस्तकवाले, भूक दाबणं मले कधी अवघड गेलं नाई. लोक म्हनत, मजीदचा ताबा पाहा. अवघड होतं ते दुसरंच होतं. ज्यानं सूट दिली, त्याच्यापेक्षा मी कडक निघालो. त्याच्यापेक्षा मोठा झालो म्हणा ना." मग थोडं थांबून, "पोट्ट्याइले सांगत होतो, घर परत द्यायचं हाय. अन् मी भिंती पाडून राह्यलो. नफ्स कुठं कुठं लपते पाहा. मी त्याले जेवणात शोधत होतो, तो रोज्यात बसला होता."

पुढच्या वर्षी रमजान लागला. पहिल्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सर दोन डबे घेऊन ग्रंथालयात आले. एक एसटी स्टँडवर ज्याला भूक असेल त्याच्यासाठी होता, तो त्यांनी आमच्या शिपायाबरोबर पाठवला. दुसरा त्यांचा. मागच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं बांधून ठेवलेली असतात, तिथं बसू का, असं त्यांनी विचारलं. "लपून नाई," ते म्हणाले. "बाकीच्याइचा रोजा असते, त्याइच्यासमोर खाणं बरं नाई."

मी बाहेर माझ्या टेबलाशी बसलो. बऱ्याच वेळानं आत डोकावलो, तर डबा उघडा, पोळीवर हात ठेवलेला, आणि घास मोडलेला नाही. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर एखाद्या पहिलीतल्या मुलासारखी अडचण होती.

"हात उचलून नाई राह्यला, पुस्तकवाले."

मी दार ओढून घेतलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा ते बाहेर आले, डबा धुतलेला होता. "झालं," एवढंच म्हणाले. उन्हाळ्यातले ते सगळे रोजे मी पाहिले होते. त्या दुपारइतके थकलेले सर मला त्या रोज्यांत कधी दिसले नव्हते.

बाजारपेठेत बातमी जायला वेळ लागत नाही. एकदा आम्ही दोघं किराणा दुकानात उभे होतो. दुकानदार हाजीसाहेब सरांच्याच वयाचे, जुनी ओळख. तूरडाळ तोलता तोलता म्हणाले, "काय सर, तुमचे रोजे बंद झाले म्हने? कॉलेजातले ते ग्रीक लोक लईच भारी पडले वाटते." दुकानात चार गिऱ्हाईकं होती. एक जण फिस्सकन हसला. डॉक्टर मोठा झाला म्हना, असंही कुणीतरी मागून बोललं.

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. खुर्ची नव्हती. ते सोयाबीनच्या पोत्यावर बसले, तळवे मांड्यांवर ठेवले. दुकानातला हिशेब लिहिणारा पोरगा त्यांचा जुना विद्यार्थी, त्याची लेखणी तिथंच थांबली.

"अहो, पोत्यावर काहून बसले सर?" हाजीसाहेब गडबडले. "खुर्ची आणतो ना."

"असू द्या, बसलो हे पुष्कळ झालं." मग थोड्या वेळानं सर हसले, अगदी मोकळं. "हो हाजीसाब, बंद झाले. परवानगी तर वरून आधीच येऊन पडली होती. मलेच ती घ्यायले लाज वाटत होती. डाळ नीट तोला, पुस्तकवाल्याची हाय."

हाजीसाहेबांनी डाळीत मूठभर जास्तीची टाकली. वाटेत सर म्हणाले, "राग गेला. पन पुरा नाई गेला. पोत्यावर थोडा सांडला असन."

सर निवृत्त झाल्यावर तत्त्वज्ञान विषय बंद झाला. सविता यवतमाळला शिकायला गेली, सुट्टीत तांड्यावर आली की त्यांच्याकडे एक चक्कर ठरलेली. मग यंदाच्या हिवाळ्यात सरांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. यंदाच्या ईदनंतर ते गेले. त्याच्या आधी, रमजानातल्या एका संध्याकाळी झालेली भेट शेवटची.

ऊन उतरलं होतं. मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खजूर आणि भजी मांडून लोक बसले होते. भाभींचा रोजा होता. दारातच त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काही मागत नाहीत भाईजान. प्यास लगी तो भी बोलते नहीं. अंदाजानं पाजते मी." आणि त्या नमाजासाठी आतल्या खोलीत गेल्या.

सर खाटेवर उताणे होते. चेहऱ्यावर ऊन येत होतं, तिरपं, थेट डोळ्यांवर. ते मान फिरवायचा प्रयत्न करत होते आणि मान फिरत नव्हती. जबडा आवळलेला. मी तो जबडा ओळखला. मी पडदा ओढला आणि स्टुलावर बसलो. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती, मग हळूहळू निवली.

"राठोडची पोट्टी," ते म्हणाले. एकेक अक्षर उचलून ठेवावं तसं. "काय... विचारलं होतं?"

"उठताच येत नसेल तर?"

"हं."

ते छताकडे बघत राहिले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी अजान व्हायला किती वेळ आहे ते विचारत होतं. सगळा मोहल्ला पाण्याचे पेले समोर ठेवून, हात न लावता बसलेला असणार.

"पुस्तकवाले," सर म्हणाले. "पाणी पाजा."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पुस्तकाखेरीज काही मागितलं नव्हतं. उशाशी वाटी होती, चमचा होता. डोकं थोडं उचलून एक चमचा दिला. गिळायला वेळ लागला. पाण्याचा एक ओघळ दाढीत उतरला, तो मी टॉवेलनं टिपला.

"सविताला काय सांगू?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा चमचा भरत होतो. तो वाटीतून वर येण्याआधीच त्यांनी तोंड उघडलं होतं.